गटात नाव

पुंडलिकनगर, औरंगाबाद
९ जानेवारी २००२

आवडे,

तुझ्या थोरल्या भावाचा, सांडूचा, आशीर्वाद. दिवाळीनंतर तुझं पत्र नाही. रामकिसन म्हणतो, बाबा, अजिंठ्याच्या किराणा दुकानात फोन आहे, आत्या तिथं येऊन उभी राहील, बोला. पण फोनमध्ये मला मुंग्या चालल्यासारखं ऐकू येतं, माणूस कळत नाही. कागदावर माणूस हळू बोलतो, मला तेच बरं पडतं.

धुळीनं दमा वाढतो म्हणून पोरानं मला दोन वर्षांपूर्वी इथं आणलं, आणि इथं समोरच बिल्डिंग बांधतात. दिवसभर सिमेंट उडतं. मी दुपारी गच्चीवर टाकीच्या सावलीला बसतो. कान गेल्यापासून एक गंमत झाली आहे. बाहेरचं ऐकू येत नाही, तर आतलंच ऐकू येतं. टाकीत पाणी चढायला लागलं की मला मोट रिकामी झाल्याचा आवाज येतो. मग आपल्या तांबड्या बैलाच्या घुंगरांचा. तो बैल मरून तीस वर्षं झाली. मी डोळे मिटतो आणि गच्चीच्या कठड्यापलीकडं आपलं रान लागतं. हरभरा गुडघ्याएवढा, त्यावर पांढरं धुकं. मी कठडा ओलांडत नाही, नुसता बघतो. ओलांडला तर जागा होईन अशी भीती वाटते.

जागा झालो की चिंता लागते. घाटे अळी पडली का? विहिरीवरची मोटार झाकली का? उत्तरेकडच्या शेजाऱ्यानं बांधाचा दगड सरकवला तर तुला एकटीला कळणार नाही, म्हणून दगडापासून बाभळीपर्यंत पावलं मोजून ठेव. तेवीस भरली पाहिजेत. माझी तेवीस, तुझी सव्वीस होतील.

आणि तलाठ्याकडून सातबारा काढून घे. आपला गट १४३. पूर्वी सर्व्हे नंबर होते. सरकारनं तुकडे जोडून गट केले तेव्हा मी तीन दिवस तलाठ्याच्या दारात बसलो होतो. तो आकडा मला माझ्या वयापेक्षा पक्का माहीत आहे. साडेतीन एकर आणि त्यात एकच नाव, माझं. मी चार जमाती उर्दूत शिकलो, पाचवीत गेलो तर पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, शाळेची भाषा बदलली आणि मी शाळा सोडली. मराठी अक्षरं पुढं दुकानांच्या पाट्यांवर शिकलो. पण सातबाऱ्यावरचं माझं नाव मला कुठल्याही भाषेत ओळखू येतं. ते तसंच आहे ना, एवढं बघून कळव.

सांडू


अजिंठा
२४ जानेवारी २००२

दादा,

तुला आवडीचा नमस्कार. बोलणं माझं आहे, हात साळूचा. साळू म्हणजे भागूबाईची सून, सातवी शिकलेली. अक्षर तिचं चांगलं आहे पण ती मला मधेमधे थांबवते.

हरभऱ्याला अळी होती, निंबोळीचं पाणी मारलं. ज्वारी चांगली निसवली आहे, कणसं टपोरी आहेत. मोटार झाकली. बांधाचा दगड जागेवर आहे, माझी पंचवीस भरली. तू म्हणतोस तेवढी मी बुटकी नाही.

एक गोष्ट लई दिवसांपासून तोंडात आहे, ती सांगते. गटात माझं नाव लागलं. तुला आवडणार नाही म्हणून आधी बोलले नाही. मला लई भीती वाटत होती. भागूबाईनं धीर दिला. ती म्हणाली, आवडाबाई, नवऱ्यानं टाकलं तेव्हापासून तू भावाच्या तोंडाकडं बघत आली, आता किती दिवस बघशील? अंगठा चालत नव्हता, म्हणून मी सही शिकले. आठ दिवस लागले. आवडाबाईतला ड माझा पाय मोडल्यासारखा येतो, पण येतो.

आता बँक गटावर कर्ज देणार आहे. कागद मार्चात होईल. तुझी सही लागत नाही, मी तिथं दोनदा विचारून घेतलं. म्हणजे या दम्यात तुला यायचा त्रास नाही.

तू रागावशील असं वाटतं. रागावलास तर पत्रात रागाव, मनात ठेवू नको.

आवडा

(मामा, अंतर्देशीय भरलं. आत्याबाई अजून बोलत आहेत, पण लिहायला जागा नाही. साळू.)


पुंडलिकनगर
२ फेब्रुवारी २००२

आवडे,

पत्र पावलं. दोनदा वाचलं. साळूचं अक्षर खरंच चांगलं आहे, एकही शब्द संशयाला ठेवत नाही.

मी रागावलो नाही. तू शहाणी आहेस, जे केलंस ते बरंच केलं असशील. फक्त एवढं कळव, की ही बँक कोणती, तिचा पत्ता काय आणि साहेब कुठला आहे. तलाठी अजून जुनाच आहे का बदलला? असंच विचारतो. म्हाताऱ्या माणसाला माहिती असलेली बरी.

परवा दुपारी गच्चीवर डोळा लागला तर रान नेहमीसारखं आलं नाही. लई उंचावरून दिसलं, गिधाडाला दिसत असेल तसं. साडेतीन एकर हातरुमालाएवढं. त्याच्या मधोमध कोणीतरी पाठमोरं बसलं होतं आणि रुमालाची चारी टोकं गोळा करून गाठ मारत होतं. मी हाक मारली. माझी हाक मला ऐकू आली नाही.

आपले बापू गेले त्या वर्षी तलाठ्यानं चावडीत तुझा अंगठा घेतला होता. हक्कसोडीचा कागद होता. बापाच्या जमिनीतला हिस्सा बहिणीनं भावाला सोडायचा असतो, सगळ्या गावात तसंच होतं. तू काही विचारलं नव्हतंस. मी तुला हिरवं लुगडं आणलं होतं. हे मला आजकाल का आठवतं कोण जाणे.

पत्ता कळव.

सांडू


अजिंठा
१५ फेब्रुवारी २००२

दादा,

तू रागावला नाहीस, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. भागूबाईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघ, म्हातारा लाखात एक आहे. साळू म्हणते, हे लिहू का? मी म्हटलं, लिही, त्याला बरं वाटेल.

बँकेचा पत्ता साळूनं खाली लिहिला आहे. साहेब नवा आहे, नांदेडकडचा, कागदाला लई भितो. तलाठी पण नवा. तू साहेबाला चार ओळी लिहिणार असशील तर लिही. घरच्या पुरुषमाणसाचा पाठिंबा आहे असं दिसलं तर तो आणखी मान देईल.

लुगडं जांभळं होतं. दोन वर्षांत विटलं.

आवडा


अजिंठा
२२ मार्च २००२

मामा,

हे पत्र मी, साळूबाई, माझ्या मनानं लिहिते. आत्याबाईंना माहीत नाही. मी तुमच्या सुनेच्या वयाची आहे, जास्त बोलले तर पोटात घाला.

सोमवारी आम्ही अकरा जणी कर्जाच्या कागदासाठी बँकेत गेलो. साहेबांनी ड्रॉवरमधून एक अर्ज काढला आणि सगळ्यांसमोर वाचला. 'गट नंबर १४३ मध्ये माझी बहीण आवडाबाई हिनं माझ्या माघारी स्वतःचं नाव लावलं आहे. सदर गटावर ती कर्ज उचलीत आहे. माझी सख्त हरकत आहे. चौकशी होईतो रक्कम देऊ नये.' खाली उर्दूत सही. साहेब म्हणाले, घरात वाद आहे, मला कोर्टाचं झेंगट नको, चौकशी झाल्यावर बघू. अकराच्या अकरा जणींचं कर्ज थांबलं.

मामा, हा तुमचा जमिनीचा गट नाही. हा बायकांचा बचत गट आहे. आम्ही अकरा जणी महिन्याला तीस-तीस रुपये जमा करतो. त्यातून अडलेलीला देतो, ती फेडते. दोन वर्षं नीट चाललं म्हणून बँक आता सगळ्या गटाला मिळून कर्ज देते. जमीन लागत नाही, सातबारा लागत नाही. एकमेकींची जामीन एकमेकी. 'गटात नाव लागलं' म्हणजे आमच्या वहीत लागलं. ते वाक्य मीच लिहिलं. आमच्याकडं सगळे नुसतं गटच म्हणतात, मला दुसरा अर्थ सुचलाच नाही. जागा संपली नसती तर पुढची ओळ तीच होती.

आत्याबाईंसाठी हे केवढं आहे ते सांगते. दर वर्षी त्या चैत्रात ज्वारी विकायच्या, कारण उधारी, खत, बियाणं सगळं तेव्हाच अंगावर येतं. सगळं गाव तेव्हाच विकतं, म्हणून भाव पडलेला असतो. मग आषाढात घरातलं संपलं की तीच ज्वारी दीडपट भावानं विकत आणायच्या. मागच्या चैत्रात त्यांनी गटातून आठशे रुपये घेतले आणि पोती घरात राहिली. आषाढात मी पीठ मागायला गेले तर त्यांनी मला आत नेलं आणि म्हणाल्या, हात लाव. मी पोत्याला हात लावला. त्या म्हणाल्या, अजून आहे.

या वर्षी आठशेत भागणार नाही, विहिरीची मोटार जळाली आहे. ते त्यांनी तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही, तुम्ही काळजी करता म्हणून. महिनाभरात बँकेचे पैसे आले नाहीत तर पोती जातील.

बँकेतून येताना बाकीच्या बायका बोलत होत्या. कोणी म्हणालं, भाऊच वैरी. आत्याबाई म्हणाल्या, त्याला ऐकू येत नाही. एवढंच.

साळूबाई


पुंडलिकनगर
२८ मार्च २००२

आवडे,

साळूनं मला पत्र लिहिलं. तिला रागावू नको.

रामकिसननं ते पत्र वाचलं आणि हसला. मग सूनबाई हसली. ती म्हणाली, आमच्या कॉलनीत पण गट आहे, बाबा, शेवया करतात. मी जेवलो नाही. दोन वर्षं या घरात आहे आणि शेजारीच गट आहे हे मला माहीत नाही. पाटी लावली असती तर मी वाचली असती.

मी तुझ्यापासून चोरून अर्ज लिहिला. चार कागद फाडले, पाचवा पाठवला. रामकिसनला सांगितलं नाही. पोस्टात टाकला आणि घरी येताना रस्ता चुकलो. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळ्या गेटांना तोच हिरवा रंग. एका गेटाशी उभा राहून मी वाट बघत बसलो की आपलं कोणी बाहेर येईल. आलं ते अनोळखी. म्हणालं, काका, कोण पाहिजे?

काल मी हरकत मागं घेतल्याचा अर्ज पाठवला आहे. रामकिसनकडून चांगल्या अक्षरात लिहून घेतला. सही मराठीत केली, म्हणजे साहेबाला वाचता यावी. आता सगळं सुरळीत होईल. पैसे आले की पोती ठेव, विकू नको. मोटार जळाली ते मला सांगायला पाहिजे होतंस. कशी जळाली? पाणी खाली गेलं होतं का? कोरडी चालवलीस का? आता हरभऱ्याचं काय झालं? नको, ते राहू दे.

मी तुझ्याबद्दल वाईट विचार केला. का केला ते मला नीट सांगता येत नाही. डोळे मिटले की आता रान येत नाही, नुसता कठडा येतो.

सांडू


अजिंठा
१२ एप्रिल २००२

दादा,

तुझा दुसरा अर्ज आला. साहेबानं दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मला म्हणाला, बाई, हरकत घेणारा एक माणूस आहे आणि मागं घेणारा दुसरा. पहिल्याची सही उर्दूत, दुसऱ्याची मराठीत, अक्षरही वेगळं. उद्या पहिला माणूस येऊन म्हणाला की मी मागं घेतलीच नाही, तर मी काय करू? मी म्हटलं, साहेब, दोन्ही माझाच भाऊ आहे. तो म्हणाला, मग त्याला इथं आणा. या महिन्याच्या आत तो समोर आला नाही तर कागद वरच्या ऑफिसात परत जाईल.

जमिनीच्या कागदावर तू उर्दूतच सही करतोस हे मला माहीत आहे. बापू पण तसंच करायचे. साहेबाला कुठून माहीत असणार?

पाच पोत्यांतली तीन पोती काल विकली. आडत्यानं क्विंटलला तीनशेऐंशी लावले. मी म्हटलं, मागच्या आषाढात तू मला सहाशेनं सांगितली होतीस. तो हसून म्हणाला, आत्या, तेव्हा आषाढ होता. भागूबाईनं पण विकली. चतुराबाईचं जास्त अवघड आहे. तिनं गटातून शेळी घेतली होती, ती पोट फुगून मेली. तिचा हप्ता आम्ही भरतो आणि ती आमच्या रानात कामाला येते. मान वर करत नाही. ती म्हणते, माझ्यावर दोन कर्जं आहेत, एक गटाचं, एक तुमच्या डोळ्यांचं. म्हणजे गटात सगळं गोडच आहे असं नाही. तुला खरं ते सांगते.

दादा, मी तुझ्यावर रागावले होते, आता तेवढी नाही. मी फक्त विचार करत राहते की तुला तसं वाटलंच का? अडतीस वर्षं मी त्या रानात आहे. तू इथं होतास तेव्हा तुझ्याबरोबर, तू गेल्यावर एकटी. मी कधी म्हटलं होतं का, की माझं नाव लाव?

येणं जमलं तर ये. सकाळच्या गाडीनं ये, दुपारी धूळ उडते.

आवडा


पुंडलिकनगर
२ मे २००२

आवडे,

सुखरूप पोचून आठवडा झाला. दम लागला होता, आता ठीक आहे. सूनबाईनं वाफ दिली.

तिथं दोन दिवस होतो आणि तुझ्याशी काही बोलता आलं नाही. तू मोठ्यानं बोलायचीस, मी मान हलवायचो. म्हणून आता लिहितो.

तिकडं येताना गाडीत मी खिडकीशी होतो. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं, गोळेगावच्या पुढं रस्त्यावर ते पाणी दिसायला लागलं, वैशाखात दिसतं तसं, जवळ गेलं की पुढं सरकणारं. मला वाटलं आपण गाडीतून उतरून त्या पाण्यातच चाललो आहोत आणि पलीकडं बापू विहिरीच्या काठावर उभे आहेत. ते मला विचारत होते, आवडी कुठं आहे? मी म्हटलं, रानात. ते म्हणाले, कोणाच्या? कंडक्टरनं खांद्याला हात लावला तेव्हा अजिंठा आलं होतं.

बँकेत साहेबानं मला दोन्ही सह्या करायला लावल्या. मी आधी उर्दूत केली, मग मराठीत. तो बघत राहिला. म्हणाला, बाबा, उजवीकडून पण लिहिता आणि डावीकडून पण? मग त्यानं स्वतः उठून मला पाणी दिलं. तेव्हा तू दारात उभी होतीस, तू बघितलंस. आणि तू केलेली सही मी बघितली. ड मोडका आहे, पण वाचता येतो.

त्या सोमवारी तुमच्या बैठकीत मला खुर्ची दिली आणि तुम्ही सगळ्या खाली सतरंजीवर बसलात. मला काही ऐकू आलं नाही. पण एवढं दिसलं, की चतुराबाईची हप्त्याची पाळी आली तेव्हा तिनं मान खाली घातली आणि भागूबाईनं तिच्या पुढ्यातली वही आपल्याकडं ओढून घेतली. मी एवढी वर्षं सोसायटीच्या बैठकांना गेलो, तिथं असं कधी बघितलं नाही. तरी मला समजत नाही, की एवढ्या थोड्या पैशानं माणसाची गरिबी कशी जाते? मला खरंच विचारायचं आहे, टोमणा नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू विचारलंस, तुला तसं वाटलंच का?

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मी लई घाबरलो. पण आवडे, तू चुकीचं केलंस असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. तेव्हाही नाही आणि अर्ज लिहितानाही नाही. मला वाटलं, शेवटी तिनं केलं. उधारी मागायला येणाऱ्याची माणूस वाट बघतो तशी मी त्याची वाट बघत होतो, चावडीत तुझा अंगठा शाईत बुडाला त्या दिवसापासून. लुगड्याचा रंग मला चुकीचा आठवला, पण तुझा अंगठा नीट आठवतो. तलाठ्यानं धरून दाबला, आणि तू तो पुसायला जागा शोधत होतीस. मी माझ्या धोतराचा सोगा पुढं केला. तो डाग धुतला तरी गेला नव्हता.

परत येताना मी सिल्लोडला उतरलो होतो. तहसीलच्या आवारात लेखणी-कागद घेऊन बसतात त्यातल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, हक्कसोड परत फिरत नाही, आता तुम्हाला बहिणीला बक्षीसपत्र करून द्यावं लागेल. मी म्हटलं, बक्षीस कसलं, तिचंच तिला द्यायचं आहे. तो म्हणाला, बाबा, कागदात त्याला बक्षीसच म्हणतात. पावणेदोन एकर, विहिरीकडची बाजू. विहीर दोघांत.

रामकिसनला सांगितलं. त्यानं ताटावरून हात काढून घेतला. म्हणाला, आत्याच्या माघारी कोणाला जाईल? मी म्हटलं, ते आत्याला विचार, तिचं झाल्यावर. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. काल चहा स्वतः आणून दिला. त्याच्यावर रागावू नको. मला पण अजून भीती वाटते. रात्री उठून मी साडेतीनातून पावणेदोन वजा करतो, दर वेळी तेवढंच उरतं.

एकच गोष्ट अडली आहे. लेखनिकानं विचारलं, बहिणीचं पूर्ण नाव काय घालू? आवडाबाई भ्र. म्हणून नवऱ्याचं, का बापाचं? भ्र. म्हणजे भ्रतार, बाईच्या नावापुढं कागदात तसं लिहितात. साठ वर्षांची बहीण, आणि तिचं नाव काय ते मला सांगता येईना. मी त्याला म्हटलं, विचारून सांगतो.

तर तू सांग.

सांडू


अजिंठा
१४ मे २००२

दादा,

बँकेचे पैसे आठ दिवसांपूर्वी आले, प्रत्येकीला तीन हजार. उशिरा आले, पण आले. मोटार दुरुस्त करून घेतली. दोन पोती राहिली आहेत, ती आषाढापर्यंत पुरतील, श्रावण बघू. साळू म्हणते, श्रावणाचं लिहू नका, मामा आतापासून काळजी करतील. मी म्हटलं, तो तसाही करतोच.

तू विचारलंस, थोड्या पैशानं गरिबी जाते का? जात नाही, दादा. चतुराबाईची गेली नाही, माझी पण नाही. मला एवढंच कळतं, की पैसेवाल्याला उद्या विकलं तरी चालतं आणि आपल्याला आजच विकावं लागतं. गटाच्या पैशानं मला तो उद्या मिळतो. दोन महिन्यांचा असतो. त्या दोन महिन्यांत मी दारात बसते आणि आडत्या समोरून गेला तर त्याला आधी मी राम राम घालत नाही. मला तेवढंच लई वाटतं.

तुझं पत्र साळूनं वाचलं. चावडीपर्यंत आली आणि थांबली. मग पुढं वाचलं. मी तिला म्हटलं, आता लिही, मला जमीन नको, मी तशीच बरी आहे. तिनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत बसली. मी म्हटलं, लिही ना. ती म्हणाली, हे मी नाही लिहायची, आत्याबाई, दुसरा हात बघा. भागूबाई चुलीपाशी होती. भाकरी करपल्याचा वास आला तरी तिनं ती उलटली नाही.

तर ते लिहिलं नाही असं समज.

माझा अंगठा तू धोतराला पुसलास ते मला आठवत नव्हतं. मला वाटत होतं मी भिंतीला पुसला. इतकी वर्षं चावडीवरून जाताना मी त्या भिंतीकडं बघायची नाही.

रामकिसनला सांग, मी त्याची आत्या आहे, वैरीण नाही. मृगाच्या आधी ये म्हणावं, रान बघून जा. काय राहील ते त्याच्याच पोरांसाठी राहील, पण ते मी सांगेन, माझ्या सहीनं.

आता नावाचं. तो भ्रतार मला अडतीस वर्षांत दिसला नाही. त्याला आपल्या रानात कशाला आणतोस? गटाच्या वहीत नाव घालताना साळूनं पण हेच विचारलं होतं. तेव्हा मला सांगायची लाज वाटली आणि ती नुसतं आवडाबाई लिहून पुढं गेली. तहसिलात तसं चालणार नाही.

बापूंचं नाव लाव. आवडाबाई फकिरा असं लिही. बापूंकडं मी कधी काही मागितलं नाही, म्हणून ते मला कधी नाही म्हणाले नाहीत. आता मागते.

आवडाबाई